विहीर कुठंय?

१८ जून १९८३ला कपिल देवनं झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या, तो खेळ आमच्या अण्णांनी पाहिलेला नाही. टीव्हीवर तो कुणालाच दिसला नाही. बीबीसीत संप होता म्हणतात, चित्रणच नाही. अण्णांचं त्यावाचून कधी अडलं नाही. पऱ्हाट्यांवर वांगी टाकली की आमच्या जामनेरच्या अंगणात ५ बाद १७, आणि भरीत ताटात पडेतो ८ बाद २६६. मधल्या वेळात किरमाणी सालदारासारखा गुमान दुसरं टोक धरून उभा. कपिलचे षटकार सहा, त्यातले तीन विहिरीत. गावाचं नावच टनब्रिज वेल्स, तेव्हा मैदानाला लागून विहिरी असणारच. तिथं औषधी पाण्याचा झरा आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं.

"मंग नाव काय उगंच ठेवलं का त्यांनी?"

'८३' येणार म्हटल्यावर अण्णा हरखले. एप्रिल २०२०चा सिनेमा कोरोनानं लांबत २४ डिसेंबर २०२१ला लागला, तेव्हा एसटीचा संप. पाचोरा-जामनेरची पीजे रेल्वे तर लॉकडाऊनपासून बंदच. "तव्हा त्यांचा संप, आता आपला," म्हणत अण्णा काळीपिवळीत पुढची सीट धरून बसले आणि आम्ही जळगाव गाठलं.

थिएटरात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती, त्याही भरल्या नव्हत्या. गर्दी शेजारच्या पडद्यावर, 'पुष्पा'ला. ओमायक्रॉनची धास्ती, रात्रीची जमावबंदी. कौतुक झालं तरी ह्या सिनेमाचा गल्ला अपेक्षेइतका भरला नाही, त्याची अशी कारणं पुढं बरीच वाचली. अण्णांचं कारण वेगळं होतं.

सुरुवात बरी झाली. संदीप पाटलांचं काम त्यांच्याच पोरानं, चिरागनं केलंय म्हटल्यावर अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, की उद्या त्यांच्यावर सिनेमा निघाला तर मला घेणार नाहीत हे कळलं. रणवीर सिंगचे दात, मिशी, चाल, सगळं पास. मग टनब्रिज वेल्स आलं. अण्णांनी मास्क हनुवटीवर ओढला, पॉपकॉर्नचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि सरसावून बसले. कपिल आला, बॅट फिरली, चेंडू उडाले, लोक नाचले, झालं.

"संपली?"

"संपली."

"एवढ्यात वांगं उलटं तरी होतं का रे?" मग माझ्या कानाशी येऊन, दबक्या आवाजात, "आन् विहीर कुठंय?"

त्यानंतर लॉर्ड्सवर वेस्ट इंडीज १४०त गारद झाली, आपण ४३ धावांनी विश्वचषक जिंकला, माझे डोळे भरून आले. अण्णा मात्र जळगावात कुणाकडं पाहुणचार नीट न झाल्यासारखे बसून होते.

परतताना काळीपिवळीवाल्यानं विचारलं, "कसा व्हता पिक्चर, अण्णा?"

"पिक्चरचं जाऊ दे," अण्णा वळून बसले. "५ बाद १७. आन् कपिल आंघोळ करी राह्यला..."

नेरीला उतरायचे दोघं होते. नेरी आली तेव्हा पंच विहिरीत दोर सोडत होते. ते दोघं जामनेरला उतरले.