उसाच्या मुलखातला उमेदवार

हिवरे बाजार गावाला पाण्याचा हिशेब शिकवणाऱ्या पोपटराव पवारांनी लोकसभा लढवावी म्हणे. लढवावी की! पण जाहीरनाम्यात काय लिहिणार? गावातलेच नियम: शेतीला बोअर नको, ऊस नको, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, वर श्रमदान. तेही नगर जिल्ह्यात, जिथे खासदारकीची वाट साखर कारखान्याच्या गेटातून जाते! गावाने ऐकलं, कारण पाऊस मोजून रब्बी ठरवली की विहिरीत पाणी दिसायचं. तरी २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिथेही विरोधक उभे राहिलेच. (सातही जागा पवारांच्या पॅनेलला, ही गोष्ट वेगळी.) दिल्लीत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तर पाणी कुठे मुरतंय तेही सांगावं लागेल. त्यापेक्षा पद्मश्री बरी. ती २०२०मध्येच जाहीर करून झाली. तिकीट दिलं असतं तर ऐकावं लागलं असतं.