सात त्याची, सात तिची

नवरा-बायकोनं जोडीनं सत्यनारायणाला बसावं, जोडीनं लग्नामुंजींना जावं, अगदीच हौस असेल तर जोडीनं निवडणूक लढवावी. जोडीनं रेकॉर्ड काढू नये. याबाबत आम्हा रसिकांचं जगभर एकमत आहे, आणि १९८०च्या नोव्हेंबरात ते आम्ही जॉन लेनन आणि योको ओनो यांना पुरेशा स्पष्ट शब्दांत कळवलंही होतं. पुढे तीन आठवड्यांत आम्हाला मत बदलावं लागलं, ती गोष्ट वेगळी. पण आमची मूळ बाजू तेवढ्या गडबडीत मांडायची राहून गेली, म्हणून हा खटाटोप.

आधी आरोपींचा पूर्वेतिहास बघू. ९ ऑक्टोबर १९७५ला, स्वतःच्या पस्तिसाव्या वाढदिवशीच, लेननला शॉन हा मुलगा झाला. त्याबरोबर या गृहस्थानं गाणंबजावणं गुंडाळलं आणि न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत पोर सांभाळत बसला. ज्याला नुसतं बघून एके काळी मुली बेशुद्ध पडायच्या, तो पाव भाजायला शिकला. पहिला पाव नीट फुगून आला तेव्हा आनंदानं त्याचा पोलरॉइड फोटो काढून ठेवला, हे त्यानंच मुलाखतीत सांगितलंय. हल्ली फोटो काढल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, पण त्या काळी रॉकवाल्यानं पावाचा फोटो काढणं म्हणजे बंडखोरीला तिलांजलीच होती.

बायको त्याच इमारतीत खाली ऑफिस थाटून व्यवहार बघायची. वकील, हिशेबनीस, बीटल्सच्या कंपनीची न संपणारी भांडणं, आणि गाई. हो, गाईच. होल्स्टिन जातीच्या दुभत्या गाई तिनं घेऊन ठेवल्या होत्या, आणि त्यातली एक १९८०मध्ये अडीच लाख डॉलरच्या वर किमतीला गेली. नवरा कणीक मळतोय, बायको गाई विकतेय. अशा खात्यापित्या घरातून आम्ही रॉक संगीताची अपेक्षा कशी ठेवायची?

रसिकाचं आणि कलावंताचं नातं तसं सरळ असतं. हाल त्यानं काढायचे, आस्वाद आम्ही घ्यायचा. १९७०मध्ये हाच लेनन एका रेकॉर्डवर आईच्या आठवणीनं गळा फाडून रडला होता. त्या रेकॉर्डच्या सुरुवातीला चर्चची मयताची घंटा वाजते. तेव्हा आम्ही काय समाधानानं माना डोलावल्या होत्या! आता दहा वर्षांनी नवी रेकॉर्ड लावली, तर सुरुवातीला देवघरातल्यासारखी इवलीशी घंटी किणकिणते आणि गडी एल्व्हिसच्या जुन्या ढंगात बायकोला म्हणतो, चल, पुन्हा नव्यानं सुरुवात करू. बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरातल्या आमच्यासारख्या माणसाला आपल्या संसाराची आठवण करून द्यायला कुणी रेकॉर्ड विकत घेतं का?

पुनरागमनाची कथा मात्र झकास होती. १९८०च्या जूनमध्ये लेनन न्यूपोर्टहून एका शिडाच्या बोटीतून बर्म्युडाला निघाला. वाटेत वादळ लागलं, बाकीची मंडळी ओकून ओकून आडवी झाली आणि बीटल्सचा माजी गायक कित्येक तास सुकाणू धरून उभा राहिला. बेटावर सुखरूप पोहोचल्यावर तिथल्या एका क्लबात त्याच्या कानावर बी-फिफ्टीटूज या तरुण बँडचं 'रॉक लॉब्स्टर' पडलं. त्यातल्या बायकांचे चीत्कार ऐकून तो चमकलाच. हे तर आपल्या घरातलं! ज्याला आम्ही दहा-बारा वर्षं कोल्हेकुई म्हणून हिणवलं, त्यावर आता कॉलेजची पोरं तिकीट काढून नाचत होती. खरं तर इथे आम्ही ओशाळायला हवं होतं. पण बीटल्स फोडले ते याच बाईनं, असा निकाल आम्ही १९७०मध्येच देऊन ठेवला होता, आणि आमच्या कोर्टात अपिलाची सोय नाही.

बर्म्युडातल्याच वनस्पती उद्यानात फ्रीझियाच्या एका वाणाचं नाव पाटीवर दिसलं, 'डबल फँटसी'. तेच रेकॉर्डला मिळालं. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'हिट फॅक्टरी' स्टुडिओत काम सुरू झालं, निर्माता जॅक डग्लस. वादक ठरवण्याआधी योकोबाईंनी त्यांच्या जन्मतारखा मागवल्या. लग्नाला पत्रिका बघतात हे आम्हाला ठाऊक होतं, ड्रमरची पत्रिका जुळवल्याचं पहिल्यांदाच ऐकलं. आणि जुळली म्हणायची, कारण वाजवणाऱ्यांनी कुठे कसर ठेवलेली नाही. बड्या कंपन्यांना आधी गाणी ऐकायची होती. डेव्हिड गेफननं नुकतंच स्वतःचं दुकान मांडलं होतं. त्यानं गाणी न ऐकताच होकार दिला, आणि पत्र लिहिलं तेही योकोला. व्यवहार कुणाशी करायचा एवढं ज्याला कळतं, त्याला गाणी ऐकायची गरज पडत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. रेकॉर्डवर चौदा गाणी, सात त्याची, सात तिची. इथवर आम्ही सोसलं असतं. एक बाजू त्याची आणि एक बाजू तिची असं केलं असतं, तर तिची बाजू आम्ही जन्मभर कोरी करकरीत ठेवली असती आणि सगळ्यांचाच मान राहिला असता. पण या दोघांनी गाणी एकाआड एक लावली! एक त्याचं, लगेच एक तिचं.

ज्यांनी रेकॉर्ड प्लेअर वापरला नाही, त्यांना यातलं क्रौर्य कळायचं नाही. सोफ्यात रेलून पहिलं गाणं ऐकावं, डोळे मिटावेत, तोच दुसऱ्या गाण्यात जपानीत कुजबुज आणि सुस्कारे सुरू. तेही असे, की शेजाऱ्यांनी गैरसमज करून घ्यावा. मग धडपडत उठायचं, दांडी दोन बोटांत हलकेच उचलायची, काळ्या तबकडीवर दोन गाण्यांमधली ती चकचकीत पट्टी डोळे बारीक करून शोधायची आणि हात न थरथरता सुई नेमकी तिथे टेकवायची. पहिल्या बाजूला हे तीनदा. दुसऱ्या बाजूला दोनदाच, कारण तिथे शेवटची दोन्ही गाणी तिचीच असल्यानं सरळ झाकण लावता येत होतं. सुखवस्तू माणसाचा इतका व्यायाम घेणारी दुसरी रेकॉर्ड आमच्या माहितीत नाही. काही हुशार मंडळींनी त्याची सात तेवढी कॅसेटवर उतरवून घेतली आणि ती गाडीत वाजवत फिरली.

यात एक बारीकशी अडचण होती. ही रेकॉर्ड म्हणजे संवाद होता. रेकॉर्डवरच तसं लिहिलेलं, की हे हृदयाचं नाटक आहे. एका गाण्यात तो म्हणतो, तू माझ्या हातून निसटत चाललीस. त्याच्या शेपटाला धरून, जवळजवळ त्याच गिटारच्या तुकड्यावर, तिचं उत्तर येतं, की मी निघालेच आहे. तो मुलासाठी गातो, तर ती मुलाबरोबर त्याच्या बापालाही मुलांतच मोजून गाते. आम्ही सुई उचलल्यामुळे आमच्या घरी या संसारातली फक्त नवऱ्याची बाजू ऐकू यायची. तो आपला प्रश्न विचारतोय, रागावतोय, माफी मागतोय, 'प्रिय योको' म्हणून हाका मारतोय आणि घरात दुसरं कुणीच नाही. मग आम्हीच म्हणायचो, काय हा बडबड्या माणूस!

समीक्षक मात्र अख्खी रेकॉर्ड ऐकत होते. त्यांना त्याचेच पैसे मिळतात. लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'मध्ये चार्ल्स शार मरे यांनी दोघांना असं झोडपलं की विचारू नका. मथितार्थ असा की संसार सुखाचा चाललाय तर चालू द्या, आम्हाला कशाला ऐकवता. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारी वाढत होती, थॅचरबाई खर्चाला कात्री लावत होत्या, आणि हे दांपत्य सेंट्रल पार्कसमोरच्या घरातून सुखाची गाणी म्हणत होतं. त्यातही गंमत अशी, की काही परीक्षणकर्त्यांना तिचीच गाणी जास्त ताजी, जास्त आजची वाटली. हे लिहिताना त्यांच्या लेखणीला किती कळा आल्या असतील याची आम्हाला कल्पना आहे. खपाचं म्हणाल तर ब्रिटनच्या यादीत रेकॉर्ड १४व्या क्रमांकापर्यंत चढून ४६वर घसरली होती. अमेरिकेत रखडत ११वर आली होती.

८ डिसेंबरच्या संध्याकाळी डकोटाच्या दारात एका माणसानं ही रेकॉर्ड पुढे केली आणि लेनननं त्यावर सही दिली. रात्री अकराच्या सुमाराला त्याच माणसानं, त्याच दारात, त्याला गोळ्या घातल्या.

त्यानंतर आमच्या कानांत जी सुधारणा झाली, तिला वैद्यकशास्त्रात तोड नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स', 'रोलिंग स्टोन' आणि 'व्हिलेज व्हॉइस' या तिन्ही ठिकाणची प्रतिकूल परीक्षणं छापायची थांबली. इंग्लंडात रेकॉर्ड ४६वरून उसळून दुसऱ्या क्रमांकावर गेली. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे हलली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. जिवंत गाईला मिळालेले अडीच लाख डॉलर त्यापुढे काहीच नव्हेत.

इंग्लंडात दुसऱ्याच क्रमांकावर का, असं कुणी विचारील. कारण वर 'ॲबा'ची 'सुपर ट्रूपर' ठाण मांडून बसली होती. त्यातल्या एका जोडप्याचा घटस्फोट झालेला, दुसऱ्याचा व्हायच्या बेतात, आणि रेकॉर्डवरचं सर्वात गाजलेलं गाणं नवऱ्यानं लिहिलेलं, विभक्त बायकोनं गायलेलं. आमची आवड किती खानदानी आहे बघा. लेननचं मरण ताजं होतं, तरी मोडलेल्या संसाराला टिकलेल्या संसाराच्या वर बसवायला आम्ही विसरलो नाही. 'डबल फँटसी'ला तिथे पहिला नंबर मिळायला फेब्रुवारी उजाडला.

शोकालाही शिस्त हवी. तिकडच्या एकेरी गाण्यांच्या यादीत रेकॉर्डवरचं पहिलं गाणं 'स्टार्टिंग ओव्हर' २० डिसेंबरला पहिलं आलं. पुढच्याच आठवड्यात नाताळ होता, तेव्हा आम्ही त्याला बाजूला सारून एका शाळेच्या गायनवृंदातल्या पोरींचं आजीवरचं गाणं पहिल्या नंबरावर बसवलं. सणासुदीला किती रडायचं? सुट्टी संपताच पुन्हा डोळे पुसायला घेतले. चार आठवडे 'इमॅजिन', लागोपाठ दोन आठवडे 'वुमन'. मग फेब्रुवारीच्या उत्तरार्धात इटालियन हेल काढून म्हटलेलं 'शडप यू फेस' आलं आणि आमचं सुतक फिटलं.

१९८२च्या फेब्रुवारीत 'डबल फँटसी'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. योको छोट्या शॉनला घेऊन मंचावर गेली आणि सभागृह उभं राहिलं. हीच ती रेकॉर्ड. आम्ही ती पुन्हा बारकाईनं तपासली. मधल्या काळात एकही सूर बदललेला नव्हता. आमची सुईच जुनी असणार.

योकोचं काय, असाही प्रश्न येतो. हाल काढा म्हणजे आस्वाद घेऊ, हा आमचा करार ती अक्षरशः पाळायला निघाली. १९८१मध्ये तिनं एकटीनं 'सीझन ऑफ ग्लास' काढली आणि मुखपृष्ठावर नवऱ्याचा रक्तानं माखलेला चष्मा ठेवला, खिडकीपाशी, शेजारी अर्धा भरलेला पाण्याचा पेला. यावर आम्ही काय बोललो असू? अभिरुचीहीन! बाईला लाजच नाही, दुःखाचा धंदा मांडते! दुकानदार म्हणे ती ठेवायलाच तयार नव्हते. 'डबल फँटसी'ची थप्पी त्याच दुकानांत गल्ल्याजवळ रचलेली होती, पण त्याला आम्ही श्रद्धांजली म्हणायचो.

१९८४च्या जानेवारीत 'मिल्क अँड हनी' आली. त्याच काळातल्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांतली त्याची गाणी, मध्ये मध्ये तिची, पुन्हा एकाआड एक. अमेरिकेत ती ११व्या क्रमांकापर्यंत गेली, म्हणजे ७ डिसेंबर १९८०ला आधीची जिथे होती, बरोबर तिथेच. आम्ही शुद्धीवर आलो होतो आणि सोफ्यातून उठायचा सरावही परतला होता.

गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा लेनन स्टुडिओतून परतत होता. संध्याकाळभर बसून त्यानं काम केलं होतं ते 'वॉकिंग ऑन थिन आइस' या गाण्यावर. गाणं योकोचं, आवाज योकोचा, गिटार तेवढी त्याची. त्याच्याजवळ या गाण्याचीच टेप होती. तेवीसएक वर्षांनी, २००३मध्ये, नव्या डीजेंनी त्या गाण्याला नवे ठेके चढवले आणि ते अमेरिकेतल्या नाचाच्या क्लबांच्या यादीत पहिलं आलं. बाईंनी नुकतीच सत्तरी गाठली होती. लेबलावर नाव होतं नुसतं 'ओनो'. पहाटेपर्यंत त्यावर घाम गाळणाऱ्या पोरापोरींना बीटल्स कुणी फोडले हा प्रश्न पडलेला नव्हता. त्यांतली निम्मीशिम्मी तर तेव्हा जन्मलीही नव्हती.