पंखेवाले बाबा, ३ नग

पुतण्याने पवना धरणाच्या काठी तंबू टाकून पाहुणे उतरवायला सुरुवात केली आणि पवनानगरातल्या आमच्या घराच्या भिंतीवर संकट आलं. "काका, जेवायला पाहुणे इथेच येणार. मागे काहीतरी हटके पाहिजे."

हटके म्हणजे जपानी. खोक्यातून कॅनव्हासचे तीन तुकडे निघाले : कावानाकाजिमाची १५६१ची लढाई, चित्रकार उतागावा कुनियोशी. मूळ चित्र लाकडी ठशांनी छापलेलं. त्या काळी अशी चित्रं म्हणे वाडगाभर शेवयांच्या भावात मिळत. आमच्या तीन तुकड्यांत श्रावणाचा किराणा आला असता.

"अरे, तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर, चारही आपल्या उशाशी. १६६५च्या पुरंदरच्या तहात गेले, पुन्हा घेतले. लढाई जपानातून कशाला मागवायची?"

"काका, ते तर सगळ्यांकडेच आहेत."

दोन खिळे वाकवून तिसरा मीच ठोकला. तुकडे डावीकडून उजवीकडे लावले, आपण वाचतो तसे. आईने चष्मा पुसला. "महाभारत घरात लावू नये. भांडणं होतात."

"अगं, जपानी आहेत ते."

"मग त्यांची भांडणं आपल्या घरात कशाला?"

आठ दिवसांनी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "या घोड्याचं तोंड मधे आणि शेपूट पार दाराशी कसं रे?" जपानी चित्र उजवीकडून सुरू होतं, हे मला तेव्हा कळलं. तोवर डझनभर पाहुण्यांनी त्या फाळणी झालेल्या घोड्याबरोबर फोटो काढले होते. एकाने तर 'मॉडर्न आहे' म्हणून मान डोलावली होती.

तुकडे सरळ झाल्यावर गोष्ट उलगडली. घोड्यावरून केनशिन नावाचा सरदार तलवार हाणतोय आणि तिपाईवर बसलेला त्याचा वैरी ताकेदा शिंगेन ती हातातल्या पंख्याने अडवतोय. आईने जुडी खाली ठेवली. "पंख्याने?" तेव्हापासून पावसात वीज गेली की ती पुठ्ठ्याने वारा घेते आणि शिंगेनकडे बघते. दोघांचं काय ते जुळलंय.

मावळातला पाऊस मात्र केनशिनपेक्षा भारी. जुलैत कॅनव्हास सैलावला, शिंगेनला पोट सुटलं, निशाणावर बुरशी आली. शेजारी देवघरात आजीच्या वेळची रविवर्म्याची लक्ष्मी जशीच्या तशी. ती लोहगडापलीकडे, मळवलीत छापलेली. रविवर्म्याचा छापखाना १८९९मध्ये मुंबईहून तिथे आला आणि १९७२मध्ये जळाला. जपान्यांनी लाकडावर कोरलं, मळवलीत दगडावरून छापलं. भिंतीवर लटकायचं नशीब दोघांचं सारखंच. मी कागद, शाई, जर्मन कारागीर असं बरंच समजावत होतो. आई म्हणाली, "तिला काच आहे."

तिन्ही तुकडे काच बसवायला कामशेतला टाकलेत. तसबीरवाल्याने विचारलं, कुठले देव? आई माझ्या आधी बोलली. पावती माझ्या खिशात आहे : 'पंखेवाले बाबा, ३ नग.'