अजून पाच वर्षं आरामात

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे २०१२ च्या दसऱ्याला काँप्युटर आला. त्याच्या कॅबिनेटची डावी बाजू त्यानंतर कोणी बंद पाहिलेली नाही. तिचे स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर डब्यात दोन-तीन स्क्रूंची भर पडते आणि काँप्युटर तरीही चालतो, याचा काकांना कोण अभिमान! "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात," असं त्यांचं निदान आहे.

काका म्हणजे एक माणूस नव्हे, ती जमात आहे. तुमच्याही इमारतीत एखादे असतील. मिक्सरचे कार्बन ब्रश स्वतः बदलणारे, पंखा हळू फिरू लागला की कपॅसिटर आणायला निघणारे, टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आणखी आठवडाभर पुरवणारे. चिक्कू म्हणाल तर तसंही नाही. नातवाच्या बारशाला यांनी अख्ख्या इमारतीला जेवण घातलं. दुखणं निराळंच आहे. चालती वस्तू टाकायची म्हटलं की यांच्या पोटात कालवतं, आणि बंद पडलेली वस्तू असं यांच्या मते जगात काही नसतंच. असते ती नीट न उघडलेली वस्तू.

'नवा घ्यावा की आहे तोच सुधारावा' हा प्रश्न तुम्हाआम्हाला सात-आठ वर्षांतून एकदा पडतो आणि एखाद्या रविवारी दुपारी सुटतो. काकांना तो रोज सकाळी चहाबरोबर पडतो आणि तो सुटणार नाही याची ते दिवसभर काळजी घेतात. त्यासाठी दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर 'डागडुजी', उजव्या पानावर 'नवीन'. उजवी पानं कोरी आहेत. डावीकडचे आकडे मात्र बेरीज काकूंच्या नजरेस पडू नये अशा बेताने पानोपानी विखुरलेले.

"एकूण किती झाले हो?" काकूंनी विचारलं, की काका म्हणतात, "एकूण नवीन घेणाऱ्याने काढायचं असतं. डागडुजीला एकूण नसतं."

"आय-थ्री, सेकंड जनरेशन, एच-६१ बोर्ड, चार जीबी डीडीआर-थ्री, पाचशे जीबी हार्डडिस्क" हे गोत्र-प्रवर काका कोणी न विचारताही सांगतात. खंडेनवमीला यंत्राची साग्रसंगीत पूजा होते. एका वर्षी हारातली झेंडूची पाकळी उघड्या बाजूने आत शिरली आणि प्रोसेसरच्या पंख्यात अडकली. यंत्र तापून दर दहा मिनिटांनी बंद पडू लागलं. काकांनी पंखा उतरवला, पाकळी काढली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली आणि वहीत लिहिलं, 'कूलिंग सिस्टिम अपग्रेड'.

खोटं कशाला बोला, त्यांचं एक अपग्रेड मलाही मानावं लागलं. पूर्वी बटण दाबून काका आंघोळीला जात आणि पंचा गुंडाळून बाहेर येत, तरी पडद्यावर विंडोज आपलं येतंय-येतंय करत असे. २०१९ साली त्यांनी मला सोबतीला घेतलं. दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण काँप्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच. अकरा दुकानं फिरून, दोनदा कटिंग पिऊन, काकांनी २४० जीबीची एसएसडी घेतली. हार्डडिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीवर एक काटा जागा शोधत धावत असतो. एसएसडीत धावायला कोणी नाहीच. काकांच्या जुन्या बोर्डाचं सॅटा पोर्ट तीन गिगाबिटचं, म्हणजे नव्या एसएसडीची निम्मी ताकद तिथेच अडणार होती. तरीही त्या संध्याकाळी काकांनी बटण दाबलं, पंचा शोधायला वळले आणि मागे पासवर्ड मागणारा पडदा उभा! त्यानंतर आठ दिवस काका आंघोळीला कधी जायचं या विवंचनेत होते.

त्याच भरात रॅमही चाराची आठ केली, आणि ती चाल मला पसंत पडली. जुन्या यंत्राला एसएसडी आणि रॅम या दोन गोष्टी खरोखर लागू पडतात. तिथेच थांबावं. पण काकांनी त्यातून भलताच बोध घेतला, की यंत्राचा प्रत्येक आजार एका सुट्या भागाने बरा होतो. मग त्या बोर्डात बसणाऱ्या सर्वांत दांडग्या प्रोसेसरांपैकी एक, आय-सेव्हन ३७७०, शोधायची मोहीम निघाली. सॉकेट ११५५ चाच हवा. "लग्नात सगोत्र चालत नाही," काका सांगू लागले, "बोर्डावर सगोत्रच चालतं." भाचा पुण्यात, म्हणून बुधवारी आणि रविवारी त्याच्या जुन्या बाजारात चकरा सुरू झाल्या. हौसेने नव्हे, मामांचे फोन येत म्हणून.

मधल्या काळात बोर्डावरचा सेल संपला. सीआर २०३२, नाण्याएवढा, मनगटी घड्याळाच्या सेलचा थोरला भाऊ. तो संपला की काँप्युटर बंद असताना घड्याळ चालवायला कोणी उरत नाही. दर सकाळी यंत्र जानेवारी २०१२ मध्ये जागं होऊ लागलं. बँकेची साइट उघडेना. ब्राउझर म्हणे, तुमचं घड्याळ मागे आहे.

"हे मी लग्नापासून सांगतेय," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी सेल बदलला नाही. पंधरा दिवस रोज सकाळी तारीख हाताने घातली. कारण विचारलं तर म्हणाले, "त्या निमित्ताने तिथी बघितली जाते."

मुलाने नवा काँप्युटर घेऊन द्यायचं अनेकदा काढलं. काकांचं उत्तर ठरलेलं : "अजून पाच वर्षं आरामात." हे ते विंडोज सेव्हनचा पाठिंबा संपला तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२० मध्येही म्हणाले होते. पुढे विंडोज इलेव्हन आलं आणि त्याने दारातच अडवलं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकांचा दुसऱ्या पिढीतला. "आमच्या घराण्याची वंशावळ पाचव्या पिढीपर्यंत मला तोंडपाठ आहे, तरी कोणी विचारत नाही. आणि हे आठवी पिढी विचारतात!" काका भडकले. आडवाटेने विंडोज इलेव्हन घालता येतं हे त्यांना ठाऊक होतं, पण मागच्या दाराने जाणं तत्त्वात बसेना. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनची मुदत संपली. आम्ही सांत्वनाला गेलो, तर काका पेढे वाटत होते. सुरक्षेच्या अपडेट्सना नावनोंदणी करून आणखी एक वर्ष मिळत होतं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. "मुदतवाढ!" काका म्हणाले. इन्कमटॅक्स रिटर्नची मुदत वाढल्यावर त्यांचा चेहरा असाच होतो.

तशी वहीच्या एका कोपऱ्यात नव्या यंत्राची शक्यता पेन्सिलीने लिहून ठेवलेली होती. पुढे कंसात, 'रॅमचे भाव उतरल्यावर'. काका थांबले. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरेना, कारखाने त्यांच्याकडे वळले आणि २०२५ सरता सरता रॅमचे भाव उतरायचे सोडून असे चढले, की काकांनी ती ओळ खोडरबराने पुसली. त्याच खोडरबराने ते रॅमचे सोनेरी दात घासतात. काँप्युटरने लांब शिटी मारून सुरू व्हायला नकार दिला की त्यांचा पहिला उपाय तोच, आणि दहातल्या सहा वेळा तो चालतो.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी फट् असा आवाज झाला आणि जळका वास जिन्यात पसरला. एसएमपीएस गेला. विजेचा रतीब घालणारा हा डबा. काकांनी वहीतल्या सगळ्या पानांत त्याच्यावर एक रुपया खर्च केला नव्हता. रंगरंगोटी हौसेने करावी आणि पाया बघूच नये, तसं. शनिवारी मुलगा आला आणि बापलेक लॅमिंग्टन रोडला गेले, फक्त एसएमपीएस आणायला.

रात्री पाच खोकी घेऊन परतले. एसएमपीएस घ्यायचा तर जरा पुढचं बघून घ्या, असं दुकानातला मुलगा म्हणाला होता. पुढचं बघायचं तर बोर्ड बदलायला हवा. बोर्ड बदलला की जुना प्रोसेसर त्यात बसत नाही. रॅमही नाही, कारण डीडीआर-थ्रीची खाच नव्या रॅमच्या खाचेशी जुळत नाही. एक विहीण रुसली की सगळं वऱ्हाड उठतं, त्यातला प्रकार. म्हणजे बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, एसएमपीएस नवा, आणि रॅम तर चढ्या भावाने नवी.

"शेवटी नवा घेतलात म्हणायचा!" तिळगूळ घेताना मी म्हणालो.

"छे!" काकांनी कॅबिनेटवर थाप मारली. दसऱ्याचं हळदकुंकू त्यावर अजून होतं. "डबा तोच आहे. अपग्रेड केलं."

वहीत नोंदही डाव्याच पानावर झाली.

मग माझं लक्ष खिडकीखाली गेलं. जेवणाच्या पाटावर जुना एच-६१ बोर्ड उघडावाघडा मांडलेला. आय-थ्री, घासलेली रॅम, तीच एसएसडी, सगळं शाबूत. पाच खोक्यांतलं एक त्याच्यासाठी आणलेल्या दुसऱ्या एसएमपीएसचं होतं. त्यावर लिनक्स मिंट घातलंय, आणि चालतंय झकास. काकू मात्र सण झाला तरी पाट परत मागताहेत.

तेव्हा तुमच्या माळ्यावर एखादं रिकामं कॅबिनेट पडून असेल, तर काकांना द्या. डाव्या बाजूचं झाकण नसलं तरी चालेल.