काश्मीर, मुक्काम पोस्ट शेंडी

"अहो वहिनी, तो कढीपत्ता राहू द्या, आधी कुंपणाजवळ या. आणि जरा हळू बोला."

"आलात का ताई? तुमच्या दाराला कुलूप बघून दूधवाला रोज मलाच विचारत होता. होतात कुठे?"

"भंडारदऱ्याला."

"एवढंच? मला वाटलं, भाऊजी रिटायर झाल्यावरचं पहिलं फिरणं, निदान उटी तरी."

"उटीचं नावही काढू नका. इथून नाशिकहून निघालो, घोटीला चहा घेतला, बारी गाव आलं तर डोक्यावर कळसूबाई. आमच्या ह्यांचं लगेच सुरू: महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, अवघड जागी लोखंडी शिड्या लावल्यात, सकाळी लवकर निघालं तर दुपारपर्यंत खाली. मी गाडीतूनच देवीला हात जोडले. म्हटलं, बाई, तू बाईमाणूस आहेस, गुडघे म्हणजे काय ते तुला कळतं."

"चढायला लावलं नाही ना शेवटी?"

"यादीत होतं हो! विजेच्या बिलाच्या पाठीवर यादी करून आणली होती. वीज मंडळात आयुष्य गेलं ना, बिलाशिवाय कागदच सापडत नाही ह्यांना. रंधा धबधबा, अम्ब्रेला फॉल, रतनगड, सांदण दरी, घाटघर, अमृतेश्वर. प्रत्येकापुढे वेळ घातलेली. मी म्हटलं, मला एकच पॉइंट दाखवा, जिथे कुकर लावावा लागत नाही."

"मग उतरलात कुठे? ते सरकारी रिसॉर्ट आहे ना पाण्याच्या काठाला?"

"नाही. शेंडी गावाच्या थोडं पुढे एका महादेव कोळी कुटुंबानं घराला लागून खोल्या काढल्यात. तिथे. पुढे ओटा, ओट्यापुढे भाताची खाचरं आणि खाचरांच्या पलीकडे पाणी. दिवाळी नुकती सरलेली, त्यामुळे धरण काठोकाठ, आणि भाताची सोंगणी चाललेली. मी ओट्यावर बसले ती बसलेच."

"आणि जेवण?"

"तेच सांगायला तुम्हाला बोलावलं. गेल्या गेल्या त्या घरधनिणीनं विचारलं, काय खाणार? ह्यांनी सांगितलं पनीर! ती काही रागावली नाही. म्हणाली, पनीर शेंडीच्या हॉटेलात मिळेल, इथे घरातलं मिळेल. मग नाचणीची भाकरी आली, चुलीवरची, कड फुगलेली. घेवड्याचं कालवण. खुरासणीची चटणी, म्हणजे आपले कारळे हो, पण आपल्याकडची दुकानातली चटणी तिच्यापुढे नुसती काळी पूड. आणि भात. वहिनी, तो भात! काळभात म्हणतात. साळ काळपट दिसते, आत तांदूळ पांढराच, पण शिजायला लागला की ओट्यापर्यंत वास. ह्यांनी पहिल्यांदा नुसता भात खाल्ला, काही न घेता. चाळीस वर्षं माझ्या भाताला नावं ठेवणारा माणूस."

"तांदूळ आणलात की नाही?"

"आणलाय, देते तुम्हाला वाटीभर. वाटीभरच हं. सगळ्यांनी संकरित बियाणं लावलं तेव्हा ह्या जाती जवळजवळ गेल्याच होत्या म्हणे. त्या राहीबाई पोपेरे ठाऊक आहेत ना, बीजमाता म्हणतात त्या, २०२० ची पद्मश्री? त्या ह्याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. गावठी वाणांचं बी मडक्यात, गाडग्यात जपलं बाईनं. आमची घरधनीण मला घेवड्याच्या शेंगा दाखवत होती, ही पांढरी, ही जांभळ्या कडेची, ही नुसती सुकवून ठेवायची. मी आपली प्रत्येकीला 'वालपापडी' म्हणत होते आणि तिला हसू आवरत नव्हतं."

"पण रोज भाकरी-घेवडा?"

"रोज कसं! एक दिवस हुलग्याची शेंगोळी केली, लसणाच्या फोडणीतली. एक दिवस धरणातला मासा, पहाटे जाळ्यात आलेला. मसाला असा काही नाही, मिरची, लसूण, कोथिंबीर, पाट्यावर वाटलेलं. मिक्सर आहे तिच्याकडे, पण त्यावर कव्हर घातलेलं. वजनाचं विचारू नका, आल्यापासून मी काट्याकडे बघितलेलं नाही."

"चालणं झालं असेल ना पण?"

"चालणं झालं की. पहाटे पाण्यावर धुकं असतं, समोरचा रतनगड नुसता तरंगत असल्यासारखा. काठाकाठानं जायचं, खाचरांच्या बांधावरून. ठिकठिकाणी भात झोडणं चाललेलं. वाटेत कुणीही भेटलं की विचारणार, कुठले तुम्ही, किती मुलं, सून कामाला जाते का. मला तर वाटलं, आपल्याच गल्लीत आहे. एकदा चालत धरणाच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथे ह्यांचं व्याख्यान. विल्सन धरण, १९१० ला काम सुरू, १९२६ ला पुरं, सगळं दगडी बांधकाम, उंची ८२ मीटर. शंभरीला आलेलं धरण बघा, आणि आपल्या कॉलनीतली गटाराची भिंत बघा, म्हणे."

"विल्सन म्हणजे?"

"गव्हर्नर होता मुंबईचा. भिंत त्याच्या नावाची. आणि तळं आर्थर नावाच्या दुसऱ्या साहेबाचं, आर्थर लेक. पाणी तेवढं आपल्या प्रवरेचं. ती वर रतनगडावर उगम पावते. आणि ऐका, हे मला घरधनिणीनं सांगितलं, ह्यांच्या यादीत नव्हतं. एवढं समुद्रासारखं पाणी दारात, पण ते जातं खाली, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरला, उसाला. वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडा घेऊन हिंडावं लागतं. म्हणाली, 'आमचं पाणी बघायचं, ताई.' बोलायला काही नव्हतं माझ्याकडे. तांब्या खाली ठेवला."

"खरंय हो. बरं, ती अम्ब्रेला?"

"ती एक गंमत. धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या कातळावर पडून छत्रीसारखं पसरतं. पण सोडलं तर ना! आवर्तन सुटलं नव्हतं. आमचे हे घड्याळ बघत उभे, यादीत सव्वाअकराची वेळ. कातळ कोरडा, वर एक माकड बसलेलं. मी म्हटलं, छत्री मिटलीय, पाऊस संपला ना. रंध्याला मात्र पाणी होतं, खोल दरीत कोसळतं. तिथला एक पोरगा प्रत्येक दगडाला कुठला तरी सिनेमा चिकटवत होता. इथे ही नाचली, तिथे तो पडला. मी कणीस खाल्लं आणि परत आलो."

"आणि घाटघर?"

"घाटघरला जाणं आलंच, तिथे वीज आहे! कड्यावर उभं राहिलं की खाली थेट कोकण. वारा असा की पदर हातात राहत नाही. सगळं जग तो कडा बघतंय आणि आमचे हे कड्याकडे पाठ करून वीजघर समजावून सांगतायत. वर एक तळं, खाली शहापूरच्या अंगाला दुसरं तळं. रात्री विजेला गिऱ्हाईक नसतं तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, २५० मेगावॉट. मी विचारलं, म्हणजे एकच पाणी नुसतं वर-खाली? रिटायर झाल्यापासून तुम्ही घरात तेच करताय की, फक्त वीज होत नाही."

"ताई! भाऊजी काय म्हणाले?"

"गप्प. पण दुसऱ्या दिवशी यादी खिशातून निघाली नाही. सांदण दरी राहिली, रतनगडाचं नेढं खालूनच बघितलं. दुपारभर ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपले. मी त्यांना एवढं शांत झोपलेलं कधी पाहिलं असेल, आठवत नाही. बरं, आता इकडे सरका. खरी बातमी पुढेच आहे."

"म्हणजे अजून काही आहे?"

"आम्ही बोटीनं रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं देऊळ आहे तिथे, जुनं, पार शिलाहारांच्या काळातलं सांगतात. काळा दगड, इंचभर जागा कोरल्यावाचून ठेवलेली नाही. बाजूला पुष्करणी, तिच्या भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती. पण मला काही धड दिसलंच नाही."

"का?"

"आमच्या बोटीच्या शेजारून दुसरी बोट येत होती. तिच्यात भगवं लाइफ जॅकेट घातलेली एक बाई, आणि जॅकेटावरून मोरपंखी शाल. ओळखीची शाल. भिशीत सगळ्यांच्या हातात देऊन दाखवली होती ती."

"ताई, नाही! कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या? अहो, त्या तर काश्मीरला गेल्या होत्या! गुलमर्ग, पहलगाम, शिकारा!"

"शिकाऱ्यात बसणार म्हणाल्या होत्या ना? बसलेल्या होत्या. आणि यजमान पुढे मोबाईलवर डोंगराचे फोटो काढतायत."

"तरीच! तरीच फोटोत सगळीकडे नुसतं धुकं होतं. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, काश्मीरला भातशेती असते का हो, कोपऱ्यात खाचरं दिसतायत. हे म्हणाले, असते. मग मी गप्प बसले."

"असते ना, तिकडेही भात होतो. म्हणूनच तर खपलं."

"आणि परवा त्यांनी अक्रोड वाटले! प्रत्येकीला मूठ मूठ. 'तिकडचे आहेत,' म्हणाल्या."

"तिकडचेच असतील हो. आपल्या मेन रोडवरच्या दुकानातही तिकडचेच असतात."

"तुम्हाला बघून काय झालं त्यांचं?"

"आधी शाल डोक्यावरून घेतली. मग बघितलं की बोट चिकटलीय आमच्या बोटीला, मग हसल्या. देवळाच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं बिचारीनं. तिकिटं लेकानं काढायची होती, तो परदेशातून यायचा होता, चौघांनी जायचं ठरलेलं. त्याला सुट्टीच मिळाली नाही. तोवर इकडे भिशीत सांगून झालेलं. आता घरात कोंडून बसायचं की कुठे तरी जायचं? म्हणाल्या, खोटं बोलायचं नव्हतं हो, नुसतं खरं सांगायचं राहून गेलं."

"अगंबाई. मग तुम्ही?"

"मी डब्यातली चटणी दिली त्यांना. त्या एका तंबूवाल्याकडे उतरल्या होत्या. शनिवारी काठाला तंबूच तंबू असतात, कोळशावर कोंबड्या भाजतायत आणि भोंग्यावर गाणी. त्यांना झोप नाही, जेवणात रोज पनीर. त्यांना आमच्या घरी घेऊन आले. घरधनिणीनं काही न विचारता ताटं वाढवली. त्यांच्या यजमानांनी काळभात तीनदा घेतला. मग रात्री ओट्यावर चौघं बसलो, हे आणि ते पेशवेकाळापासून पाणीपट्टीपर्यंत बोलत होते, आणि आम्ही दोघी कांबळी पांघरून नुसत्या ऐकत. निघताना त्या म्हणाल्या, कॉलनीत बोलू नका हं."

"मग?"

"मग काय? मी कुणाला सांगितलंय का? तुम्हाला तेवढं."

"माझ्या पोटात राहतं हो. ... शू, शू. त्याच येतायत. पिशवी घेऊन. काय हो वहिनी, काश्मीरला थंडी होती का खूप?"

"थंडी? होती की. पाण्यावर जास्त. ह्या ताईंनाही विचारा ना, त्यांच्याकडेही होती म्हणे यंदा. बरं, येते, गिरणीत गर्दी होईल."

"बघितलंत ताई? डोळासुद्धा लवला नाही! आणि पिशवीत नाचणी होती. वासावरून सांगते."

"असू द्या. शिकल्यात भाकरी करायला. मलाही फोन करून विचारलं त्यांनी, पीठ उकळत्या पाण्यात उकडून घ्यायचं की नुसत्या कोमट."

"ते सोडा. त्या घरधनिणीचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. कधी जाताय?"

"काजवे कधी असतात?"

"मेच्या शेवटाला, पाऊस धरायच्या आधी. हिरड्या-बेहड्याची झाडं, जांभळी, नुसती लुकलुकतात म्हणे एकदमच सगळी. नर चमकतो आणि मादीला बोलावतो. पण गाड्या घेऊन लोक येतात ते दिवे रोखूनच, मग काजव्यांचं सगळंच बिघडतं. तुम्ही गाडी लांब लावा आणि चालत जा. टॉर्चला लाल कागद बांधा. आणि शनिवार-रविवार अजिबात नको, मधल्या वारी जा."

"मंगळवार धरते. आणि ताई, भिशीत कुणी विचारलं तर एक लक्षात ठेवा."

"काय?"

"आम्ही सिमल्याला गेलोय."