सावलीची वॅगन

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. आमच्याकडे जे नसेल ते रेल्वेने येतं, हे तेव्हा साऱ्या देशाला कळलं. त्याच न्यायाने आता सावलीचीही गाडी सोडावी, अशी आमची रीतसर मागणी आहे.

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही भरत नाही. शेजारच्या नांदेडकडे मात्र किनवट-माहूरचं सागाचं रान आहे आणि किनवटला स्टेशनही आहे. गाडी मुदखेड, परभणी, परळी असा वळसा घेत येईल. तोवर सावली जराशी शिळी होईल, तेवढं आम्ही चालवून घेऊ. घाई मात्र करा. रातोरात स्वखर्चाने प्रवासाला निघायचं, ही किनवटच्या सागाची जुनी खोड आहे.

मग घरची झाडं कुठं गेली, असं कुणी विचारील. बांधावरचा लिंब घ्या. दोघा भावांच्या वाटणीत तो नेमका मधे येतो. थोरला म्हणतो, मुळ्या माझ्या रानात. धाकटा म्हणतो, सावली माझ्या सोयाबीनवर, शेंगाच धरत नाहीत. तलाठी झाला, तंटामुक्ती झाली, पाव्हणे-रावळे झाले, कुणाचंच चालत नाही. शेवटी लाकडाचा व्यापारी येतो. बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजतो, वीटभट्टीचा भाव सांगतो, मशीनची करवत लावतो. पैसे निम्मे-निम्मे. वर्षानुवर्षं तोंड न बघणारे भाऊ त्या दिवशी एका टेबलावर चहा पितात. तंटामुक्तीचा पुरस्कार खरं तर त्या व्यापाऱ्यालाच द्यायला हवा.

पुढं पहिल्याच मोठ्या पावसाला बांध फुटतो. मुळ्यांनी धरून ठेवलेली काळी माती ओढ्यात, ओढ्यातून तलावात. काळजी नको. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहेच. जेसीबी तलावात उतरतो, टिपर भरतो आणि वाहून गेलेली माती रानात परत आणून टाकतो. लिंब जे काम उभ्या-उभ्या फुकट करत होता, त्याला आता डिझेल लागतं, ठेकेदार लागतो, नारळ लागतो. लिंबापुढं नारळ फोडताना कुणाचा फोटो आला असता सांगा!

विहिरीचं तेच. पाणी मुरायला जागा उरली नाही म्हणून बोअर खोल घ्यायचा आणि बोअर कोरडा गेला की पावसाला शिव्या घालायच्या.

सरकारने काही केलं नाही, असं मात्र म्हणू नये. एक-तृतीयांश भूभाग, म्हणजे ३३ टक्के, झाडांखाली असावा, असं १९८८ चं राष्ट्रीय वन धोरण सांगतं. आपण निदान आकडा तरी गाठला. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली. एवढी झाडं मावायची कुठं, हा प्रश्न आमच्या गावानं सोडवलाय. खड्डा जुनाच, रोप नवं. कारण नवे खड्डे मे महिन्यात खणायचे असतात आणि मे महिन्यात जेसीबी गाळात असतो.