आठव्या सॉफ्टवेअरची आवश्यकता

कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातील उजेड, रंग, चौकट आणि तपशील यांत मागाहून हेतुपूर्वक केलेला बदल म्हणजे छायाचित्र-संपादन, ही व्याख्या शास्त्रशुद्ध असली तरी अपुरी आहे, कारण तीत संपादन करणाऱ्याच्या मनोवृत्तीचा विचार नाही. व्यवहारात असे आढळते की, छायाचित्र-संपादन म्हणजे निघालेला फोटो आहे तसा मान्य करण्यास दिलेला नकार होय. आणि हा नकार एका सॉफ्टवेअरने पुरेसा ठाम होत नाही असे वाटू लागले की दुसऱ्याची आवश्यकता निर्माण होते. दुसऱ्याची ही आवश्यकता यथाकाल आठव्यापर्यंत कशी पोहोचते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाच्या संगणकात आजमितीस अशी सात सॉफ्टवेअर नांदत असल्यामुळे (दोन विकतची, तीन फुकटची, एक कॅमेऱ्याबरोबर आलेले, आणि एक कोणी व का बसवले याविषयी घरात एकमत नसलेले) या विषयावर लिहिण्याचा त्याचा अधिकार सहसा कोणी नाकारणार नाही.

ही वृत्ती संगणकाने जन्माला घातली, हा समज मात्र निराधार आहे. ऑस्कर रेयलांडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केले आणि त्याची एक प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून एका मरणोन्मुख मुलीचे आणि तिच्या शोकाकुल आप्तांचे चित्र रचले, तेव्हा इतक्या खासगी दुःखात कॅमेरा शिरलाच कसा, म्हणून प्रेक्षकांचा एक वर्ग अस्वस्थ झाला. मुलगी प्रत्यक्षात ठणठणीत होती. आपल्याकडच्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिलने काम करण्याची, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘टचिंग’ची, कला चांगली रुजली होती. निगेटिव्हमध्ये उजेड आणि अंधार यांची अदलाबदल झालेली असते. चेहऱ्यावरची सुरकुती तेथे फिकट, पारदर्शक रेघ होऊन बसते, आणि तिच्यावर बारीक टोकाची पेन्सिल हलक्या हाताने फिरवली की छपाईत ती जागा उजळून सुरकुती नाहीशी होते. तिरप्या काचेच्या मेजामागून उजेड घेऊन बसलेला हा कारागीर वधूच्या गालावरची देवी पुसत असे, मुलाकडच्यांना दाखवण्याच्या फोटोत वर्ण एका छटेने उजळ करत असे, आणि एवढे सगळे तो एका पेन्सिलीवर भागवत असे. दुसऱ्या पेन्सिलीचा विचार त्याच्या मनात येई तो पहिली झिजून संपल्यावर. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे.

पेन्सिल झिजते, सॉफ्टवेअर झिजत नाही, आणि येथूनच अडचणीला प्रारंभ होतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकत असलेल्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, चित्रपटांच्या विशेष दृश्यांचे काम करणाऱ्या जॉन या भावाने त्यात रस घेतला, आणि १९९० मध्ये तो अडोबी कंपनीतर्फे फोटोशॉप या नावाने बाजारात आला. त्यात १९९४ मध्ये लेयरची सोय झाली. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला अदृश्य पारदर्शक कागद. त्याच्यावर वाटेल तो उद्योग करावा आणि न आवडल्यास कागदच उचलून टाकावा, खालचे चित्र अबाधित राहते. पश्चात्तापाची एवढी स्वस्त सोय मानवी इतिहासात क्वचितच झाली असेल. २००२ च्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला, म्हणजे शेजारच्या निरोगी त्वचेचा पोत उचलून मुरुमावर बसवणारा कुंचला, आणि टचिंगच्या पेन्सिलीला तिचा खरा वारस मिळाला.

या सातव्या आवृत्तीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणचे असंख्य फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्सची दुकाने तिच्या पुढे वर्षानुवर्षे गेलीच नाहीत. पासपोर्टच्या आठ प्रती, लग्नाच्या करिझ्मा अल्बममधील बारा बाय छत्तीस इंची पाने, ज्यांत वधूवर एकदा स्वित्झर्लंडच्या बर्फात आणि एकदा कमळाच्या पाकळीत उभे राहतात, आणि चौकात लागणारा ‘भावी नगरसेवक’ यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यात वरच्या ओळीत नेते, मधे उत्सवमूर्ती आणि खाली तिकिटांच्या आकाराचे चाळीस शुभेच्छुक असतात, हे सर्व वाङ्मय मुख्यतः याच आवृत्तीत निर्माण झाले. नव्या आवृत्तीकडे न जाण्यामागे पैशाचा विचार होताच (ती आवृत्ती मुळात विकत घेतली होती काय, हा प्रश्न येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही), पण एक तांत्रिक कारणही होते. युनिकोड ही जगातील सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याची समान पद्धत. तिच्यातील देवनागरी जुन्या फोटोशॉपमध्ये उतरवली तर जोडाक्षरे फुटत आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडे. त्यामुळे दुकानदारांनी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टची वाट धरली, हात तिला सरावले, हजारो तयार डिझाइने तिच्यात साठली, आणि संसार मांडून झाल्यावर गाव सोडण्याला जेवढे कारण लागते तेवढे कोणतीही नवी आवृत्ती देऊ शकली नाही. हौशी माणसाजवळ सॉफ्टवेअर सात असतात आणि तयार झालेले काम नसते, तर दुकानातल्या पोराजवळ सॉफ्टवेअर एक असते आणि काउंटरपाशी सहा गिऱ्हाइके उभी असतात. या विषमतेकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही.

नव्या सॉफ्टवेअरची गरज नेमकी कोणत्या क्षणी उद्भवते, याचे निरीक्षण केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते: ती फोटो पाहताना उद्भवत नाही, तर फोटो पाहण्याचे टाळताना उद्भवते. पावसाळ्यातील एका हरिश्चंद्रगडाचे चारशे साठ फोटो संगणकात उतरवले जातात. त्यांतील चारशे चाळीस टाकून देणे हे पुढचे काम असते आणि ते अत्यंत क्लेशकारक असते, कारण प्रत्येक फोटो टाकताना तो काढणाऱ्याविषयीचे एक मत बनत जाते. अशा वेळी आपल्याकडील सॉफ्टवेअर फोटोंची वर्गवारी हवी तितक्या सुबकपणे करत नाही, असा साक्षात्कार होतो, आणि रात्री अकरापासून दोनपर्यंतचा काळ विविध सॉफ्टवेअरची तुलना करण्यात सार्थकी लागतो. फोटो चारशे साठच राहतात. नाचता येईना अंगण वाकडे, या म्हणीतील नर्तकाला अंगण बदलून मिळण्याची सोय पूर्वी नव्हती. आता तीस दिवसांसाठी ते विनामूल्य मिळते आणि एकतिसाव्या दिवसापासून त्याचे भाडे सुरू होते. वादक आणि छायाचित्रकार यांच्यात या विकाराला ‘गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’, म्हणजे साहित्यसंचयाचा विकार, असे नाव आहे. मराठीत त्याला जागा अडवणारी हौस म्हणतात आणि ते निदान अधिक वेळा, तेही स्वयंपाकघरातून, केले जाते.

ज्या साधनांसाठी ही धाव असते त्यांचे स्वरूपही तपासण्याजोगे आहे. संपादनाचे बहुतेक काम स्लायडरवर चालते. स्लायडर म्हणजे डावीउजवीकडे सरकणारी खुंटी, जी डावीकडे नेल्यास परिणाम कमी होतो, उजवीकडे नेल्यास वाढतो, आणि जी मध्यावर सोडून देण्याची बुद्धी फार थोड्यांना होते. सॅच्युरेशन हा स्लायडर सगळे रंग सरसकट गडद करतो, तर व्हायब्रन्स हा मुळात फिके असलेले रंग अधिक उचलतो आणि त्वचेचा रंग शक्यतो बिघडू देत नाही. पहिला म्हणजे पोह्यांत थेट डब्यातून पडलेली हळद आणि दुसरा म्हणजे चमच्याने घातलेली, असा भेद करता येईल. सप्टेंबरात कास पठारावरून परतलेल्या बहुसंख्य फोटोंवर डबाच पालथा झालेला असतो, आणि प्रत्यक्ष पठार पाहण्यास गेलेला भाबडा पर्यटक तेथील फुले फोटोइतकी जांभळी नसल्याबद्दल हळहळतो. परंतु सर्वांत चिंतनीय साधन डीहेझ हे होय. चित्रातील धुरकटपणा ओळखून तो पुसणारा हा स्लायडर २०१५ पासून प्रचारात आला, आणि तेव्हापासून असा प्रकार सुरू झाला की, माणूस जुलै महिन्यात पहाटे चारला उठतो, एसटी आणि जीप बदलत डोंगराच्या पायथ्याशी पोहोचतो, चिखलातून तीन-चार तास चढतो, हे सर्व केवळ गडावरचे धुके अनुभवण्यासाठी करतो, आणि घरी आल्यावर चहा पिता पिता ते धुके पुसून टाकतो. मागे उरलेला डोंगर मे महिन्यात सावकाश जाऊनही टिपता आला असता. धुके पुसल्यावर चित्र भकास वाटू लागते, हे खरे; तेव्हा धुके घालणाऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो, आणि लेखकाच्या संग्रहातील पाचवे सॉफ्टवेअर नेमके या मार्गाने आलेले आहे.

खरी गरज कधीच नसते, असे मात्र म्हणता येणार नाही. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेली न शिजवलेली माहिती. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मावतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४, आणि म्हणूनच काळवंडलेला चेहरा तिच्यातून बराचसा परत उजेडात आणता येतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या रॉ फाइली निरनिराळ्या असतात आणि नवा कॅमेरा घेतल्यास जुने सॉफ्टवेअर त्याच्या फाइली उघडण्याचे नाकारू शकते. ही अडचण खरी आहे, जरी ती सोडवण्यास डार्कटेबल आणि रॉथेरपी अशी मोफत साधने उपलब्ध असली आणि लेयरचे काम १९९६ पासून उपलब्ध असलेल्या, बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या गिंप या तितक्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये होत असले तरी. अंधारात काढलेल्या फोटोतील रवाळ दाणे पुसणाऱ्या नव्या साधनांनीही खरोखर प्रगती केली आहे. याउलट, रंग चुकीचे दिसतात ही जी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार, तिचे मूळ पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये नसून पडद्यात असते. दुकानातून आल्यापासून कधीही न तपासलेला, निळसर झाक असलेला आणि डोळे दिपतील इतका प्रखर ठेवलेला पडदा समोर असताना माणूस चित्र पिवळे आणि काळोखे करत नेतो, आणि छापून आल्यावर कावीळ झालेले कुटुंब पाहून नवे सॉफ्टवेअर शोधू लागतो. पडदा मोजून बरोबर करणारे छोटे उपकरण मिळते. पण त्यात एकही स्लायडर नसल्यामुळे त्याचे आकर्षण वाटत नाही.

यानंतर फलिताचा हिशेब. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४०००, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचे चित्र देतो. त्यावर तीन संध्याकाळ काम होते, कानातल्या कुडीवरची चमक दोनशे टक्के मोठी करून तपासली जाते, आणि मग ते चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते. तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० ठिपक्यांवर आणला जाई, म्हणजे एकूण सतरा लाख, म्हणजे मूळ चित्राचा चौदावा हिस्सा. त्यावर पाच अंगठे येतात. त्यांतले दोन, वरच्या संदेशातील श्रीखंडाच्या ऑर्डरसाठी असतात.

सातांवर समाधान मानण्याचा निर्णय या सर्व विचारांती लेखकाने घेतला होता, आणि तो गेल्या चैत्रापर्यंत टिकला. त्या महिन्यात त्याच्या आत्याबाईंचा अमृतमहोत्सव झाला, आणि दिवाणखान्यात लावण्यासाठी त्यांचा एक मोठा फोटो करून देण्याचे काम, घरात छायाचित्रणाचे इतके साहित्य असताना बाहेर पैसे कशाला, या तत्त्वानुसार, लेखकाकडे आले. तीन आठवडे उलटूनही सातांपैकी कोणते सॉफ्टवेअर या प्रसंगाला साजेसे, हे ठरेना, तेव्हा पेनड्राइव्ह गुपचूप कोपऱ्यावरच्या स्टुडिओत नेण्यात आला. तेथील विशीतल्या मुलाने पूर्वोक्त सातवी आवृत्ती उघडली, चौकट कापली, पदर उजळला, मागचा स्टीलचा पिंप पुसला, आणि पाच मिनिटांत मान वर करून तो म्हणाला, “काका, बाकी झालं, पण आजींचे डोळे मिटलेत. डोळे उघडे असलेला दुसरा नाही का एखादा?”

दुसरा नव्हता. एकूण दोनशे बारा फोटो तपासले असता फ्लॅश आणि आत्याबाईंच्या पापण्या यांच्यात अनेक वर्षांचा समन्वय असल्याचे दिसून आले. मात्र मिटलेले डोळे उघडून देणारे, म्हणजे दुसऱ्या एखाद्या फोटोतील उघडे डोळे घेऊन ते त्याच कोनात आणि उजेडात बसवणारे, सॉफ्टवेअर अस्तित्वात आहे हे लेखकाला ठाऊक होते. येथे गरज निर्विवाद होती, पर्याय नव्हता, आणि आठवे सॉफ्टवेअर त्याच रात्री संगणकात आले. त्याला कोणाचे तरी उघडे डोळे पुरवणे आवश्यक होते, म्हणून चेहरेपट्टीने जवळच्या असलेल्या, आत्याबाईंच्या धाकट्या भगिनींचे पुरवण्यात आले. जोड कोठेही दिसत नव्हती. फ्रेम करून आणलेला फोटो आत्याबाईंनी दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी नेला, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि बऱ्याच वेळाने विचारले, “फोटो सुरेख आलाय रे. पण माई माझं लुगडं नेसून कशाला बसलीय?”